निरंक

गेल्या तीन महिन्यांत, मी विचारते,
डॉक्टरांकडे किती वेळा गेलात?

गोरोन्वी प्रिचर्ड फोनवर गप्प.
मागे किटली, फरशीवर कुत्र्याची नखं.
मग म्हणतात, पहिली कोकरं झाली
त्याच्या आदल्या दिवशी, एकदा.
आणि वाऱ्यामुळे पुलावरून बस सोडत नव्हते तेव्हा...
नाही, तेव्हा जायचं राहिलं.
ते धरायचं का?

नाही. राहिलेलं धरत नाही.

नर्स घरी आली, पायाच्या जखमेला: चार वेळा.
एक्स-रे: एक.
अँगलसीहून बँगरला दोन बस बदलून,
जाऊन-येऊन साडेचार तास.
भाडं? म्हातारपणाचा पास आहे.
म्हणजे शून्य.

विनामोबदला काळजी, आठवड्याचे तास?
"म्हणजे काय?"
म्हणजे पैसे न घेता तुमचं कुणी करतं का.
"शेजारची लाउरी. शर्टाची बटणं लावते,
मोजे चढवते, चहा पिते,
आणि नवऱ्याला शिव्या घालते.
शिव्या धरायच्या का?"

मी रोजची पंधरा मिनिटं लिहिते, चहा वगळून.
दवाखान्यात सोडते तेव्हा पेट्रोलचे पैसे घेत नाही,
अंडी घेते.
आमच्या दरपत्रकात अंडी नाहीत.

सहाव्या महिन्याचा फॉर्म पोस्टाने आला.
रुग्ण क्रमांक एकशे सतरा.
प्रत्येक चौकटीत शून्य,
सावकाश, गोल, पेन दाबून काढलेलं.

रकाना रिकामा असता तर काही करता आलं असतं.
रिकाम्या जागी आम्ही इतरांवरून अंदाज बांधतो,
त्याची रीत आहे, त्यावर निबंध आहेत.
शून्याला हात लावता येत नाही.
शून्य हे उत्तर असतं.

बेरजेअंती एकशे सतरा
सगळ्यांत स्वस्त ठरले.
माझे साहेब म्हणाले, उपचार लागू पडलेला दिसतोय.

शेवटच्या पानावर, 'आणखी काही सांगायचे असल्यास' खाली,
पेन्सिलीने एकच ओळ:
लाउरी मुलीकडे राहायला गेली, लँडिडनोला.
आता मी स्वेटरच घालतो. बटणं लागत नाहीत.

पुढचा फोन बाराव्या महिन्यात, असं नियमावली सांगते.
मी आजच लावला.
बराच वेळ वाजत राहिला.
मग कुत्र्याची नखं,
काहीतरी पडल्याचा आवाज,
आणि धाप लागलेले ते:

"हा फोन मोजणार का?"