पट्टा धरणारा

मशीनगन आर्मासची. मी नुसता पट्टा धरायचो.
कापडी पट्टा, अडीचशे गोळ्यांचा.
रात्री कोटाच्या आत पोटाशी घेऊन निजायचो,
कारण ओला राहिला तर गोठतो, गोठला तर अडतो,
आणि मशीनगन अडली
की गोठल्या दलदलीवरून धावणारी आपली माणसं
उघडी पडतात, सोललेल्या अंड्यासारखी.

काम एवढंच:
ते पलीकडे पोचेतो समोरच्यांनी मान वर काढू नये.
आपल्या माणसांपासून वीस पावलं सोडून
शिसं ओतत राहायचं.
हिरवा बाण आकाशात गेला की थांबायचं.
लेफ्टनंट हार्यूने हे सगळं नकाशावर काढून दाखवलं होतं.
पेन्सिलीला टोक छान होतं.

आर्मास युद्धाआधी नदीवर ओंडके हाकायचा.
मे महिन्यात बर्फ फुटतं, हजारभर ओंडके
वळणावर एकमेकांत शिंगं अडकवून बसतात.
त्यातला एक, नेमका एक, ढिला केला
की सगळी नदी सुटते.
तो म्हणायचा, ओंडका हलायच्या आधी
बुटाच्या तळव्याला कळतं.
आणि डोक्याला कळेपर्यंत जे थांबले
त्यांना आम्ही खाली, बांधापाशी शोधायचो.

फेब्रुवारी. सकाळ असावी.
नळीभोवतीचं पाणी उकळून वाफ झाली होती,
त्या वाफेत समोरचं काही दिसत नव्हतं,
सुरूची झाडंही नाहीत.
दोन पट्टे संपले. तिसरा अर्धा आत गेला
आणि आर्मासचे अंगठे वर उठले.

बाण गेला नव्हता.
हार्यू ओरडत होता, काय ओरडत होता कोण जाणे,
कान बधिर होते.
आर्मास आपल्याच अंगठ्यांकडे बघत होता,
शेजाऱ्याची गुरं आपल्या गोठ्यात आल्यासारखा.
वाफ विरली.
आमची माणसं केव्हाच खंदकात पोचली होती.
ओस्सी टोपी हलवत होता. बाणाचं पिस्तूल
त्याच्या हातात गोठून मुकं झालेलं.

त्या रात्री आर्मासला साखर जास्त मिळाली.
कुणी म्हणालं, नाक आहे कुत्र्याचं.
हार्यू शिकलेला माणूस, तो म्हणाला, उपजत बुद्धी,
आणि वहीत लिहून ठेवलं.

अकरा दिवसांनी तीच दलदल.
तीच वाफ. तेच अंगठे
पुन्हा वर उठले.

या वेळी हार्यू ओरडला नाही.
तो शिकला होता.
मीही गप्प. आर्मासला कळतं, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं.
चार श्वास गेले असतील.
त्या शांततेत समोरच्यांनी मान वर काढली.

सांतेरी आणि आणखी दोघे.
सांतेरीला आम्ही स्लेजवरून आणलं, त्याच्या एका पायात
बहिणीने विणलेला लाल मोजा होता,
दुसरा मोजा मला सापडला नाही.

वहीत त्या दिवशीचं काही नाही.
अंगठे तेच, वाट तीच,
लागलं तर उपजत बुद्धी,
नाही लागलं तर त्याला नावच नाही.
आर्मास त्यानंतर बाण दिसेपर्यंत थांबायचा,
दिसला तरी थोडं अधिकच झाडायचा.
पुढच्या वसंतात तो नदीवर परत गेला,
पण ओंडक्यांवर पाय ठेवला नाही,
काठावरून मोजदाद करायचा.

आता मी ब्याऐंशी वर्षांचा.
बायको पडदे शिवते, मी कापड धरतो.
ती म्हणते, इतकं सरळ कोण धरतं,
जरा सैल सोड.

तिला एक सांगितलेलं नाही.
त्या दुसऱ्या वेळी, आर्मास थांबला तेव्हा
पट्टा माझ्या बोटांत होता,
आणि बोटांना वाटलं,
हा अजून ओढला जायला हवा.
स्पष्ट वाटलं. माशाने गळ ओढावा इतकं.

पण पट्टा धरणाऱ्याच्या बोटांना
कोण विचारतं?
मीही नाही विचारलं.