चित्र आहे, उजेड नाही

टीव्ही नक्की कधी गेला, घरात कुणालाच सांगता येईना.
पोरं आपापल्या फोनमध्ये,
हे तळोज्यात, दुपारपाळीला,
आणि मी ओट्याशी उभी राहून नुसता आवाज ऐकत होते:
बातम्या, साबणाची जाहिरात, कुणाची तरी सासू.
म्हणजे चालूच होता की.

रविवारी जळमटं काढायला बाहेरच्या खोलीत आले
तर नाना समोर बसलेले, त्यांच्या खुर्चीत,
आणि पडदा काळा कुळकुळीत.
त्यात आमची खिडकी दिसत होती, आणि नाना.
"काय झालं टीव्हीला?"
"कुठं काय? लागलाय की."

घणसोली नाक्यावरचा मेकॅनिक उंबऱ्यातूनच म्हणाला,
पॅनल गेलंय वहिनी, नवा घ्या, हप्ते बसतात.
चप्पलसुद्धा काढली नाही त्यानं.

रात्री दिवे घालवले
आणि मोबाईलची बॅटरी काचेला तिरकी लावली.
होतं.
आत एक बाई बोलत होती, राखेच्या रंगाची.
बॅटरी सरकवली तशी तिच्यामागची भिंत,
भिंतीवरचं घड्याळ, सव्वादहा.
चित्र जिवंत होतं. त्याच्या पाठीमागचा उजेड मेला होता.

एवढं मला कळतं.
रबाळ्याच्या कंपनीत नऊ वर्षं सोल्डरिंग केलंय मी.
लाईनवर आम्ही एकवीस बायका.
वारियर मॅडम भिंग लावून सांधे तपासायच्या
आणि माझ्या ट्रेला हात न लावता पुढे जायच्या.
मग एका सोमवारी गेटला कुलूप,
त्यानंतर पोळीभाजीचे डबे.

वायर काढून तासभर थांबले.
आत साठलेला करंट रागासारखा असतो,
बटण बंद केलं म्हणून लगेच उतरत नाही.
गोधडीवर त्याला पालथा निजवला.
स्क्रू इडलीपात्राच्या खळग्यांत, लांब वेगळे, आखूड वेगळे.
काच उचलायला ऋत्विजा आली.
"आई, श्वास घेऊ का?"
"घे. हलू नको."

खाली पांढरे कागद, एकावर एक,
आणि तळाशी तीन पट्ट्या, सहा सहा दाण्यांच्या,
प्रत्येकाच्या डोक्यावर भिंगाची टोपी.
मीटरची टोकं टेकवत गेले.
लागला. लागला. लागला.
दुसऱ्या पट्टीतला पाचवा, नाही.
बाकीचे सतरा धडधाकट,
पण एका तारेत ओवलेले, म्हणून सगळेच अंधारात.

दाणा वाशीत मिळाला, बारा रुपयांना.
जायला-यायला त्याहून जास्त लागले.
पट्टी ॲल्युमिनियमची, सगळी धग पिऊन टाकते,
गन तिथे लुळी पडते.
म्हणून इस्त्री उलटी ठेवली, दोन डब्यांच्या बेचक्यात,
आणि तिच्या तापल्या पोटावर पट्टी.
कथील चमकलं, ओलं झालं,
तेवढ्यात जुना उचलला, नवा बसवला,
खाच ज्या बाजूला होती त्याच बाजूला.
हात थरथरला नाही.
मला वाटलं होतं, थरथरेल.

मंगळवारी संध्याकाळी जोडला.
आधी निळं काहीतरी, मग एकदम मैदान,
इतकं हिरवं की पोरांनी फोन खाली ठेवले.
डाव्या कोपऱ्यात काचेच्या आत एक कस्पट राहिलंय,
ते आता जन्मभर मलाच दिसणार.

"नाना, बघा तरी!"
त्यांनी मान वर केली,
खिडकीच्या बाजूला, जरा जास्तच.
"आवाज तर आधीपण असाच होता, शशिकला."

तुर्भ्याच्या मार्केटात एकतीस वर्षं गोणी वाहिल्या या माणसानं,
घरी येऊन कधी म्हटलं नाही, आज जड होत्या.

पोरं ओरडली, चौकार.
मोबाईल अजून माझ्या हातातच होता.
खुर्चीपाशी खाली बसले, बॅटरी पेटवली,
म्हटलं, नाना,
जरा इकडं बघा.