शुक्रवार, अडीच ते पाच

उदगीरला तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
काउंटरच्या काचेखाली एक पिवळा कागद आहे,
नागपूरच्या एका डिसेंबरातला,
दिवसाच्या कामकाजाचा.
गिऱ्हाईक सुटे पैसे ठेवतं
नेमके अनुक्रमांक सातवर.

सात म्हणजे मन्मथअप्पा हुडग्यांचं विधेयक:
मोंढ्यात धान्य चाळणाऱ्या बायांची नोंद व्हावी,
हजेरी लागावी,
आणि चाळणीखाली सांडलेली तूर
मजुरी म्हणून धरू नये.
एवढंच. दीड पान. मीच टाइप केलेलं.
'चाळणे' याची व्याख्या कुठल्याच कायद्यात सापडेना,
ती अप्पांनी रात्री आमदार निवासात
जेवणाचं ताट हलवून हलवून मला सांगितली.

सरकारी कामाला अख्खा आठवडा,
आमच्यासारख्यांना शुक्रवार, अडीच ते पाच.
त्यातही समिती बसते, मिनिटं वाटते.
साखरेला चार तास.
शोकप्रस्तावाला लागेल तेवढे,
शोकाला कुणी घड्याळ लावत नाही.
सातव्याला पंधरा मिनिटं, वेळ उरल्यास.

'उरल्यास' हा शब्द मी तीन अधिवेशनं टाइप केला.

गावी आलो की कासीमबी मोंढ्यात गाठायची,
"कवा येलालाय ओ तुमचा कायदा?"
नंबर लागलाय, अप्पा म्हणायचे.
"ढिगाला बी नंबर असतो की.
अकराची घंटा झाली का सौदा सुरू,
शेठ असो नसो.
तुमच्याकडं घंटा न्हाई का?"
आहे, अप्पा म्हणाले. लई वेळा वाजती.

त्या शुक्रवारी अकरा बाया
अर्ध्या रोजावर पाणी सोडून
सिद्रामप्पाच्या आडतीत फोनपाशी बसल्या होत्या.
तीनला पाच कमी.
दुसऱ्या विधेयकावरच दोन बाजूंची जुंपलेली.
मी गॅलरीतून शिपायाहाती चिठ्ठी धाडली:
'अप्पा, आज नंबर लागत नाही.
बायांना कळवा, कामाला तरी जातील.'

अक्षर माझंच.

अप्पांनी चिठ्ठी वाचली, वर माझ्याकडं पाहिलं,
धोतराचा सोगा सावरत
बाहेर एसटीडी बूथकडं गेले.

पुढचं मला अजून नीट सांगता येत नाही.
दुसरं मागे घेतलं, मंत्र्यांच्या आश्वासनावर.
तिसऱ्याचे सदस्य दवाखान्यात.
चौथं आणि पाचवं एकाच माणसाचं,
तो भाचीच्या लग्नाला.
सहाव्यावाल्यानं स्वतःच म्हटलं, पुढच्या अधिवेशनात घेऊ.
तीन वाजून बारा मिनिटं.
"अनुक्रमांक सात."

बाकावर चष्म्याचं घर तेवढं होतं.
गॅलरीत बोलायची परवानगी नसते.
उभं राहायचीही नसते,
मी राहिलो, शिपायानं खांदा दाबून बसवलं.
"सन्माननीय सदस्य अनुपस्थित.
अनुक्रमांक आठ."

तेव्हाच बूथमध्ये अप्पा
खरखरत्या लाइनवर ओरडून सांगत होते,
आज न्हाई! आज येत न्हाई!
आणि पलीकडून कासीमबी,
"बरं अप्पा. मग उठू का आमी?
दोन गाड्या चाळायच्या हायत अजून."

सभागृह चार चाळीसला उठलं.
वीस मिनिटं उरली होती.

अप्पा मला एका शब्दानं बोलले नाहीत.
परतीच्या एसटीत संत्रं सोललं,
निम्मं माझ्या हातावर ठेवलं.
वर्षभरात निवडणूक लागली, अप्पा पडले,
सचिवालयातून दोन ओळींचं पत्र आलं:
विधेयक व्यपगत.

हा शब्द मोंढ्यात कसा सांगायचा?
अप्पांनी खूप वेळ विचार केला.
मग म्हणाले, कासीमबी,
चाळणीच्या खाली गेलं बघ.

ती हसली. इतकी हसली की ठसका लागला,
डोक्यावरचा भुसा माझ्या सदऱ्यावर उडाला.
"खाली गेलं म्हंजे आमचंच झालं की, अप्पा.
मजुरीत धरा."

तेवढ्यात घंटा झाली.
तिनं चाळणी उचलली.
अकरा वाजले होते.