काटा थांबेपर्यंत

नोंदवहीत 'स्वभाव' असा एक रकाना असतो.
ढेकळ्याच्या पुढे मी लिहिलं, खेळकर.
लंगड्या कॅप्टनच्या पुढे, पोळ्या चोरतो.
शेवंतीच्या पुढे पेन टेकवलं
आणि तसंच उचललं.

माधवनगर रस्त्यावरच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये
ती आली तेव्हा गळ्याभोवती तारेचा वळ होता.
डॉक्टर म्हणाले, वय तीन, वजन अकरा किलो,
आजार काही नाही.
आजार काही नाही म्हणजे
झाडू भिंतीला टेकवला तरी थरथरते,
हात जवळ आला की जागच्या जागी ओलं करते
आणि मग त्या ओलीलाच घाबरते.

विश्रामबागच्या बंगल्यानं चौथ्या दिवशी परत पाठवली,
"अहो, ही भुंकतसुद्धा नाही."
कुपवाडच्या कारखानदाराला राखण हवी होती.
एका घरात दोन गोड मुलं होती,
त्यांनी इतका जीव लावला, इतक्या मोठ्यानं,
की ती दोन दिवस वॉशिंग मशीनमागून निघाली नाही.
कुणाचीच चूक नव्हती.
दर वेळी मी तिला रिक्षातून परत आणलं
आणि दर वेळी ती पिंजऱ्यात अशी शिरली
जशी एखादी सासुरवाशीण...
नको, उपमा नको.
ती शिरली. कोपऱ्यात बसली.

कुंतिनाथ मगदूम आले ते सायकलवरून.
मार्केट यार्डात हळदीचे तोलार, एकोणचाळीस वर्षं,
नखांच्या कडा अजून पिवळ्या.
घरी कोण असतं?
"मी. आन एक टोलाचं घड्याळ."
कुत्रं कशाला हवंय, याला उत्तर दिलं नाही.
पिंजऱ्याकडे पाठ करून पोत्यावर बसले
आणि खिशातल्या शेंगा फोडायला लागले,
मुठीत दाबून, आवाज न होऊ देता.

असे किती रविवार गेले मी मोजले नाहीत.
तिसऱ्या की चौथ्या खेपेला वैतागून म्हटलं,
काका, एकदा हाक तरी मारा, हात पुढं करा की.
म्हणाले, "पोरी,
काट्याला हात लावला की वजन खोटं निघतं.
व्यापारी घाई करायचा, माल आणणारा घाई करायचा,
मी दोघांकडंबी बघायचो न्हाई.
काटा आपला आपण थांबतो."

मग एकदा त्यांच्या पाठीमागे ठेवलेला दाणा
नाहीसा झाला.
त्यांनी मान वळवली नाही.
मी "अगं!" म्हणाले.
पुढचे दोन आठवडे त्याची शिक्षा.

घर बघायला गेले, हरिपूर रस्त्याला, दोन खोल्या.
घड्याळाचा टोल आधीच काढून ठेवला होता,
फडक्यात गुंडाळून, फडताळात.
झाडू दारामागे आडवा.
फटाक्यांचं काय, मी विचारलं.
"दिवाळीत समडोळीला जाऊ, भनीच्या मळ्यात."
जाऊ, म्हणाले.
मी फॉर्म पुढे केला.

परवा, सहा महिन्यांनी, सहज डोकावले.
दिवस मावळायच्या आत जेवायची त्यांची रीत,
आता तिचीही तीच, ताटली धुऊन पालथी घातलेली.
मला बघून ती कॉटखाली गेली.
ओळखलं, म्हणूनच गेली.
मी म्हणजे रिक्षा. मी म्हणजे परतीचा रस्ता.
आम्ही तिच्याविषयी काही बोललो नाही,
यंदा हळदीला काय दर निघाला ते बोललो.
तेवढ्यात कॉटखालून नाक, मग एक कान,
मग हनुवटी,
आणि ती हनुवटी त्यांच्या पावलावर.

ते बोलायचे थांबले.
पायाला मुंग्या आल्या असणार, हलवला नाही.
मी अगदी हळू विचारलं, किती भरेल?
खाली न बघता तोलार म्हणाला,
"न्हाई सांगत.
काटा अजून हलतोय."

निघताना फाटकाची कडी
मी बोटांत धरून ठेवली,
मग सोडली.