चूल

डबा आधी आला, रिकामा.
ऑक्टोबरात पैसेच तेवढे होते.
काळ्या पत्र्याचा तो डबा
झोपलेलं मूल धरावं तसा खांद्याशी धरून
उलानबातरच्या ट्रॉलीबसमधून उभ्यानं आणला.
दीड महिना त्यात मोजे ठेवले.

पॉवर सप्लाय मात्र नवा.
ऑफिसातल्या सोयोलमानं बजावलं होतं,
बाकी सगळं जुनं घे,
विजेशी घासाघीस करू नकोस.
मदरबोर्ड पगाराच्या दिवशी.
रॅमची एक पट्टी रोख, एक उधार.
प्रोसेसर काडेपेटीएवढा,
हातमोज्याच्या आत तळव्याशी दाबून आणला.
बाहेर उणे अठ्ठावीस,
आणि मला उगाच वाटत होतं, त्याला थंडी वाजेल.

जोडायला बसले त्या रात्री हवा इतकी कोरडी
की स्वेटर काढताना अंधारात ठिणग्या उडाल्या.
दर स्क्रूआधी रेडिएटरला हात लावायचा,
अंगातली वीज त्याला देऊन टाकायची,
मग बोर्डाला शिवायचं.
पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी हवी म्हणतात,
माझी वाटाण्याएवढी पडली.
पुसली. परत वाटाणा.
शेवटी एक स्क्रू उरला.
तो कुठला, हे मला आजही माहीत नाही.

बटण दाबलं. काही नाही.
तीन तास काही नाही.
सगळं उकललं, सगळं परत जोडलं,
आणि मग दिसलं मागचं दुसरं बटण,
शून्य आणि रेघ असलेलं,
शून्याकडे कललेलं.
हसायला शेजारी कुणी नव्हतं,
एकटीच हसले, जरा मोठ्यानं.

माझं काम असं:
अजून न बांधलेल्या इमारतींच्या खोल्या दाखवायच्या.
सोफा ठेवायचा, खिडकीतून ऊन सोडायचं,
ते फरशीवर कसं सांडेल, याचा हिशेब
मशीन रात्रभर करतं.
त्याला ग्राफिक्स कार्ड लागतं.
ते मिळालं तोमोरखुयागच्या टपरीत,
खोका नाही, नमद्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं.
"कुणाचं होतं?" विचारलं.
"चालतं," म्हणाला.

चाललं. पण तापलं की वास यायचा.
जळका नव्हे, मी घाबरून सगळीकडे हुंगलं.
काहीतरी ओळखीचं, नाव न सुचणारं.

फेब्रुवारीत आई आली, गावाकडून, दाढ काढायला.
गाल सुजलेला, तोंडात कापूस,
टेबलाखाली बसली मशीनच्या पाठीमागे,
गरम वाऱ्यावर तळपाय धरून.
रात्री उठून म्हणाली, कापसातून,
"ह्यात गोवऱ्या कोण जाळतंय?"
मी समजावलं, जुनं आहे, कुणाच्या घरचा धूर बसला असेल.
तिनं परत हुंगलं, डोळे मिटून.
"गाईच्या आहेत. याकच्या नव्हेत.
आणि नीट वाळलेल्या.
बाई कामाची होती."
मग पंख्याच्या जाळीवर स्वतःचे मोजे वाळत घातले.
तापमान नव्वदला गेलं. मी काढले नाहीत.

ती गेल्यावर सोयोलमा ओरडली,
असं वापरशील तर मरेल ते वर्षभरात.
रविवारी उघडलं.
ब्रशनं, मग स्पिरिटनं, मग कान साफ करायच्या काडीनं
एकेका पात्यामधली राखाडी काजळी काढली.
चहाचा अर्धा चमचा भरेल एवढी.
वर्तमानपत्रावर पडलेली ती
बराच वेळ तिथेच राहू दिली.

आता अकरा अंश कमी.
एका खोलीचं ऊन चार मिनिटं लवकर येतं.
त्या चार मिनिटांचं काय करायचं ते ठरलेलं नाही.
उरलेला स्क्रू खिडकीत आहे.

परवा आईचा फोन. बकऱ्या व्यायल्या,
दाढेची जागा भरली.
मग म्हणाली, "तुझी ती चूल कशी आहे?"
मी खुशीत सांगून गेले,
"मस्त. एकदम थंड असते आता."
पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही.
मग तिनं विचारलं,
"जेवतेस ना?"