सुपारी

मानवतच्या लग्नात ठरले होते अकरा हजार.
आम्ही नऊ जण. टेम्पोचं डिझेल वेगळं.

वरात मारुतीपासून साडेसहाला निघाली,
मांडवात पोचली दहाला.
मधेच कुणाच्या तरी मेव्हण्यानं
दहाची नोट माझ्या क्लॅरनेटच्या भोंग्यात खुपसली.
मी वाजवतच राहिलो.
सूर जरा घोगरा झाला, एवढंच.

जेवणं उरकल्यावर नवरीचा काका म्हणाला,
"सात घ्या. जेवलात ना समदे?
आन् मानवतात नाव झालं तुमचं,
ते कामून धरत नाहीत?"

जेवलो. बुंदी चांगली होती.

डीजेवाल्याला पैसे कालच पोचलेत.
मशीन उधारीवर चालत नाही म्हणे.
छातीचा भाता
चालतो.

दस्तगीरनं ढोलाचा पट्टा खांद्यावरून काढला.
मग एकेकानं.
खुर्च्यांच्या ओळीत बसलो पाहुण्यांसारखे.

पाठवणी निघाली.
नवरीचा हुंदका पार शेवटच्या कनातीपर्यंत
ऐकू आला, मधे काहीच नव्हतं.
मांडीवर माझी बोटं
आपोआप भोकं झाकत होती, उघडत होती.

काका आला, घामेजलेला.
अडीच हजार. बल्बखाली मोजले.
गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत वाजवलं,
हात राखून नाही.

पंधराशे अजून येणं आहे.
वहीत लिहिलंय, तारखेसकट.