आरंभीची शिल्लक

जळगावच्या दाणा बाजारात, बारदानाच्या दुकानात,
एक एप्रिलपासून वही बंद.
रिखबशेठ लाल कापडाच्या बांधणीतून नावं वाचतात
आणि मी ती पडद्यावरच्या चौकटीत भरते:
नाव. पत्ता. पिनकोड. जीएसटी नंबर.
येणेकरी की देणेकरी.
उधारीची मुदत किती दिवसांची.

पण वहीत नावं अशी नाहीतच.
वहीत आहे 'बुलेटवाला, पाचोरा'.
भंगाळे मोठे, भंगाळे धाकटे,
आणि भंगाळे शब्दाचे पक्के.
मी विचारते, शेठ, बुलेटवाल्यांचं खरं नाव?
शेठ पंख्याकडे बघतात,
मग पाचोऱ्याला फोन लावतात
आणि बारा मिनिटं दोघं कुणाच्या तरी साखरपुड्याबद्दल बोलतात.
नाव विचारायचं राहूनच जातं.
मी टाइप करते: बुलेटवाला.
संगणकाची हरकत नाही.
त्याची हरकत दुसऱ्या भंगाळ्यांना:
या नावाचं खातं आधीच आहे.

नशिराबादच्या जुलेखाबी फाटकी पोती शिवून देतात
आणि त्यातलीच बरी निवडून विकतही घेतात.
त्यांना कुठे बसवू?
वहीत त्या एकाच पानावर नांदत होत्या,
डावीकडे जमा, उजवीकडे नावे,
मध्ये रेघसुद्धा नाही, नुसती कागदाची घडी.
मी दोन खाती उघडली.
शेठ म्हणाले, बाईला सांगू नको,
तिच्या वाटण्या केल्यास म्हणून.

दुपारी, कुलरमधलं पाणी संपल्यावर,
चौथ्या वहीत:
सुभान तडवी, पाल. सुतळी.
शेवटच्या ओळीची शाई तपकिरी: हिशेब बेबाक.
पुढे कोरं.
मी पान उलटलं.

हे राहिलं, शेठ म्हणाले.
यात काही नाही, शेठ. शिल्लक शून्य.
उघड.

"गोदाम जळालं त्या साली
ताग तीन दिवस धुमसत होता.
ज्यांचं ज्यांचं देणं होतं ते चौथ्या दिवशी ओट्यावर येऊन बसले,
सगळे, माझा मेव्हणासुद्धा.
याचे साडेसातशे निघत होते.
हा पाचव्या दिवशी आला,
पाठीवर सुतळीचा नवा भारा.
म्हणे, पोते तं शिवाले लागतीन ना शेठ."

शेठ तांब्याकडे हात नेतात, पाणी पीत नाहीत.
"पुढे पैसे फेडले मी. पै न पै.
आणि बेबाक लिहिलं.
बघ, अक्षर माझंच आहे."

मी खातं उघडलं.
देणेकरी. पत्ता: पाल, तालुका रावेर.
मुदत? रिकामी ठेव.
आरंभीची शिल्लक: शून्य.

मग मी सांगून टाकलं, जे खरं ते:
ज्या खात्यात व्यवहार नाही, ते कुणालाही पुसता येतं.
दोन कळांचं काम.
उद्या तुमचा नातू साफसफाईला बसला
तर संगणक एकदाच विचारेल, नक्की ना?

आणि व्यवहार असेल तर?
तर नाही पुसत तो.
आधी नोंद काढावी लागते, आणि नोंद काढताना माणूस वाचतो.

शेठनी चष्मा काढला, परत घातला.
लिही. सुतळी खरेदी. एक रुपया.
रोख?
उधार.
त्याच्या नावे नको टाकू, भारंबे. जमा कर.
देणं मी लागतो.

सीएसाहेब विचारतील, शेठ.
विचारू दे.

संध्याकाळी देणेकऱ्यांची यादी छापली.
लाखांचे आकडे, हजारांचे,
जुलेखाबी अर्ध्या इथे, अर्ध्या दुसऱ्या यादीत,
आणि पार तळाशी, स च्या रांगेत,
सुभान तडवी, पाल: १.००

ती दोन शून्यं
संगणकाने आपणहून घातली.